बारा हजार, तीन हजार आणि उजवं हिंज

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. साताऱ्याच्या एक ताई घरून हिशेबाची आणि जीएसटी रिटर्नची कामं करतात. त्यांचा २०१९चा १५.६ इंची लॅपटॉप (आय-फाइव्ह ८२६५यू, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क) आता चार दुखणी धरून बसलाय. उजवं हिंज (झाकणाचं बिजागर) तुटलंय, स्क्रीनवर मधूनच उभ्या रेघा येतात, चार्जर काढला की मशीन बंद पडतं, आणि सुरू व्हायला एवढा वेळ लागतो की तोवर चहा होऊन कप विसळून होतात. नवा घ्यायचं ठरलंय. दुकानदार जुन्याचे एक्स्चेंजमध्ये ३,००० देतोय. जाहिरात पाहून कॉलेजचा एक मुलगा १२,००० द्यायला तयार आहे. हिंज आणि बॅटरीचं त्याला माहीत आहे, रेघांचं नाही, कारण फोटो काढले तेव्हा रेघा नव्हत्या. ताई विचारतात, "त्याला सांगू का? आणि सांगितलं की तोही ३,०००वरच येईल ना?"

ताई, सांगा. तो ३,०००वर येणार नाही, आणि आला तर त्याला देऊ नका. पण सांगायच्या आधी एक काम करा, त्या रेघा नेमक्या कशाच्या आहेत ते कळू द्या. तुमच्या सगळ्या व्यवहाराची किंमत त्या एका उत्तरावर अडली आहे.

मी २००४पासून लॅपटॉप दुरुस्त करतोय, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास. जुने घेतो, उघडतो, नीट करून विकतो. त्यामुळे तुमचं मशीन माझ्या टेबलावर आलं तर मी मनात काय आकडेमोड करेन ते उघड करूनच सांगतो. गिऱ्हाइकाला हे सहसा कोणी सांगत नाही.

या प्रोसेसरचा, ८ जीबीचा, घरगुती मॉडेलचा लॅपटॉप सगळं ठाकठीक करून, महिन्याची गॅरंटी देऊन विकला तर साधारण १५,००० येतील. आता खर्च. मागचं झाकण, पुढची चौकट आणि हिंजची जोडी मिळून २,२००. डिस्प्लेची केबल ७००. बॅटरी कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची, टाकली तर १,९००. हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), ती आजच्या भावात २,२००च्या खाली नाही. झाले ७,०००. माझी मेहनत, महिनाभराच्या गॅरंटीची जोखीम आणि दुकानाचं भाडं मिळून २,००० धरतो. म्हणजे मी तुम्हाला ६,००० देऊ शकतो. हे भाव माझ्या दुकानातले आहेत. साताऱ्यात, कोल्हापुरात शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

हा हिशेब रेघा केबलमुळे येतायत असं धरून केलाय. पॅनेल, म्हणजे खुद्द स्क्रीन, गेलं असेल तर आणखी ३,५०० जातात आणि मी २,५००वर येतो. तुमच्या दुकानदाराने ३,००० म्हटलं ते इथून आलं. त्याने तुम्हाला लुबाडलं असं मला वाटत नाही. मशीन उघडून बघायला त्याला वेळ नव्हता, म्हणून त्याने पॅनेल गेलंच असं धरलं आणि मोकळा झाला. आम्ही सगळेच असं करतो. दोष माहीत नसेल तर वाईटात वाईट धरायचं, हा या धंद्याचा पहिला धडा आहे आणि तो प्रत्येकजण एकदा पैसे घालवूनच शिकतो.

मी तो २०११च्या सुमारास शिकलो. एक गृहस्थ मोठा ग्राफिक्सवाला लॅपटॉप घेऊन आले. तासभर चालवून पाहिला, गेम लावला, पंखा ऐकला, सगळं झकास. ९,००० मोजले. नवव्या दिवशी स्क्रीन काळी. खालचं कव्हर काढलं तर ग्राफिक्सच्या चिपभोवतीचा स्टिकर करपून तपकिरी झालेला, कडेला चिकट फ्लक्स, आणि नाक जवळ नेलं तर राळ जळल्यासारखा वास. बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डला, हीट मारलेली होती. मेलेल्या चिपला गरम हवेने भाजलं की ती कधीकधी पुन्हा धुगधुगी धरते, आठवडा-पंधरवडा चालते आणि कायमची जाते. गृहस्थांना हे पुरतं ठाऊक होतं. तेवढ्या मुदतीतच ते माझ्याकडे आले होते. तेव्हापासून कव्हर उघडल्याशिवाय मी पैसे मोजत नाही. ज्याला उघडू देत नाहीत त्याला मेलेल्या बोर्डाचा भाव सांगतो, मग ते मशीन कितीही चांगलं असो.

आता तुमच्या रेघांकडे येऊ. माझा अंदाज केबलचा आहे, आणि त्याचं कारण ते हिंज.

स्वस्त आणि मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू धातूत बसत नाहीत. प्लास्टिकचे छोटे खांब असतात, त्यांच्या पोटात पितळेचे नट रुतवलेले असतात, आणि स्क्रू त्या नटांत जातात. चार-पाच वर्षांत हिंजमधलं ग्रीस वाळतं, हिंज ताठ होतं. आपण मात्र झाकण सवयीने एका कोपऱ्याला धरून उचलतो. ताठ हिंज वळत नाही, मग जोर खांबांवर येतो आणि एक दिवस कट् असा आवाज येऊन खांब नटांसकट उपटतात. आत बघाल तर प्लास्टिकचा चुरा आणि पितळेचा एखादा नट मोकळा फिरत असतो. तो बोर्डावर जाऊन आडवा पडला तर शॉर्ट होतो, म्हणून हिंज तुटल्यावर लॅपटॉप हलवून खुळखुळ वाजतंय का ते ऐकायचं. डिस्प्लेची केबलही हिंजच्या बाजूनेच वर जाते. एक हिंज तुटलं की झाकण तिरकं फिरतं आणि प्रत्येक उघडमिटीला केबल पिळली जाते. आतल्या केसाएवढ्या तारा एकेक करून तुटायला लागतात. रेघा "मधूनच" येतात, झाकणाच्या एखाद्या कोनात जातात, असं असेल तर संशय केबलवर.

हे तुम्हाला घरी तपासता येईल. टीव्हीला एचडीएमआयने लॅपटॉप जोडा. लॅपटॉपवर रेघा असताना टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसलं तर बोर्ड आणि ग्राफिक्स बहुधा ठीक आहेत, मोठी भीती गेली. टीव्हीवरही रेघा दिसल्या तर पुढची तपासणी करू नका, ते मशीन पार्टसाठीच विकायचं. टीव्ही स्वच्छ असेल तर झाकण हळूच, अगदी इंचभर, पुढे-मागे करा. रेघा हलल्या, गेल्या, रंग बदलला तर केबल. झाकण कसंही केलं तरी रेघा त्याच जागी, त्याच रंगाच्या राहिल्या, आणि स्क्रीनच्या खालच्या चौकटीवर अंगठ्याने हलकं दाबल्यावर फरक पडला, तर पॅनेल. त्याच्या खालच्या कडेचे जोड सुटलेले असतात आणि ते परवडेल असं दुरुस्त होत नाही. खात्री करायची तर कुठलाही बरा मेकॅनिक चाचणीचं पॅनेल आणि केबल लावून दहा मिनिटांत सांगेल. तो २००-३०० घेईल. ते द्या. आणि त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: काय तपासलं, काय निघालं.

तोवर झाकण सारखं उघडमीट करू नका. एका कोनात उघडून ठेवा आणि तसंच वापरा. तुटलेलं हिंज आतून पॅनेलच्या कोपऱ्यावर दाबतं, आणि केबलचं ७००चं काम एका रात्रीत पॅनेलचं होऊन बसतं. असे लॅपटॉप माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात.

बॅटरीचंही एक बघायचं आहे. टचपॅड दाबून बघा. पूर्वीसारखा टक् न करता कडक लागत असेल, किंवा त्याची एक कड किंचित वर आली असेल, तर खाली बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी काढून मगच मशीन विका, नाहीतर निदान विकत घेणाऱ्याला पहिल्या वाक्यात सांगा. कुरिअरने तर अजिबात पाठवू नका. टोचायची नाही, पिळायची नाही, उन्हात ठेवायची नाही. फुगलेली नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करा. एक पान तयार होतं. त्यात नवी असताना बॅटरीची क्षमता किती होती आणि आता किती भरते, हे दोन आकडे असतात. ४१,००० वरून १२,०००वर आलेली असेल तर तिचा जीव संपला. त्या पानाचा फोटो जाहिरातीत टाका. विकत घेणारा तो फोटो पाहून निम्मा निवांत होतो.

मुलाच्या १२,००० बद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. रेघा बाजूला ठेवल्या तरी तो जास्त देतोय. आणखी फक्त ३,००० घातले तर त्याला असाच लॅपटॉप दुरुस्त केलेला, एसएसडीवाला, गॅरंटीसकट मिळेल. त्याला ते माहीत नाही. आज ना उद्या हॉस्टेलवरचा कोणी मित्र त्याला सांगेल, त्याच आठवड्यात रेघाही येतील, आणि मग फोन तुम्हाला येईल. तुम्ही साताऱ्यात लोकांचे हिशेब बघता. लोक त्यांच्या बँकेचे पासवर्ड तुमच्यावर विश्वास टाकून देतात. चार-पाच हजारांसाठी ही उठाठेव करू नये. केबलचं निदान झालं असेल तर त्याला तो कागद दाखवा, ८,००० सांगा आणि ७,०००ला द्या. माझ्यासारख्या दुकानदारापेक्षा तो हजारभर जास्त देऊ शकतो, कारण त्याला बॅटरी लगेच बदलायची नाही. हॉस्टेलवर प्लग असतोच. त्याला ७,०००लाही नको असेल तर दुकानदार आहेतच, पण निदानाचा कागद घेऊन दोन-तीन ठिकाणी विचारा.

"दुरुस्त करून मग विकू का?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असेल. विकण्यासाठी दुरुस्त करू नका. मला जे काम ७,०००त पडतं ते तुम्हाला किरकोळीत मजुरीसकट ९,००० च्या आसपास पडेल. तुमच्याकडून, दुकानाची गॅरंटी नसताना, लोक १३,०००च्या वर जाणार नाहीत. हातात ४,००० राहिले, शिवाय आठ दिवसांच्या खेपा.

मात्र विकूच नये, असाही एक हिशेब आहे, आणि तुमच्या जागी मी असतो तर बहुधा तोच केला असता. तुमचं काम तारखांचं आहे. २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न), जुलैअखेर इन्कम टॅक्सची रिटर्नं. अशा वेळी नवा लॅपटॉप विंडोज अपडेटवर अडकला किंवा त्यावर चहा सांडला, तर शेजारी एक चालू मशीन असणं ६,०००पेक्षा मोलाचं आहे. केबल बदला, हिंज बसवा, एसएसडी टाका, बॅटरी राहू द्या. टेबलावर चार्जर लावून ठेवा. एसएसडी टाकल्यावर तुम्हाला वाटेल की एवढी वर्षं हे का केलं नाही. सुरू व्हायला लागणारा तुमचा तो चहाचा वेळ २०-२५ सेकंदांवर येतो. तुमच्या प्रोसेसरचा पहिला आकडा ८ आहे, म्हणजे आठवी पिढी, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ची दारं आठव्या पिढीपासून उघडतात. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झालं. तुमचा लॅपटॉप सातव्या पिढीचा असता तर त्याची किंमत आणि उपयोग दोन्ही वेगळे झाले असते. या एका आकड्यासाठी हल्ली घेणारे आधी प्रोसेसरचा स्टिकर बघतात. तुमच्या जाहिरातीतही तो ठळक लिहा.

बरं, विकायचंच ठरलं तर पुढचा भाग नीट वाचा. तुमच्या बाबतीत तो पैशाहून मोठा आहे, कारण त्या डिस्कवर दुसऱ्यांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे आहेत.

आधी नवा लॅपटॉप आणा, आणि एक महिन्याचं रिटर्नचं चक्र दोन्ही मशीनं शेजारी ठेवून पार पाडा. जुन्यात काय राहिलंय ते पहिल्या दिवशी आठवत नाही. कुठल्यातरी अशिलाची २०२१ची एक्सेल हवी झाली की आठवतं. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करा आणि मग नव्यावर ॲक्टिव्हेट करा. इंटरनेट चालू असताना हे पाच मिनिटांचं काम आहे. मशीन विकून झाल्यावर आठवलं तर फोनाफोनी आली. डिजिटल सहीचा टोकन यूएसबीमध्ये लागलेला राहिला आणि लॅपटॉपबरोबर गेला, अशी दोन उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. टोकन काढून पाकिटात ठेवा, त्याचा ड्रायव्हर आणि एमसायनर (पोर्टलवर डिजिटल सही करायचा प्रोग्राम) नव्यावर टाका, आणि एकदा सही करून बघा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, फोनमधून व्हॉट्सॲपच्या लिंक केलेल्या डिव्हाइसमधून लॉगआउट, गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून जुनं मशीन काढणं, हे ओघाने आलंच.

आता डिस्क. फाइली डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामी केली, अगदी क्विक फॉरमॅट मारलं, तरी फिरत्या हार्ड डिस्कवरचा माल बराचसा परत निघतो. आम्ही रोज काढतो. लग्नाचे फोटो उडाले म्हणून रडत आलेल्या लोकांना तेच काढून देतो. त्यामुळे तुम्हाला माझा सल्ला सरळ आहे: हार्ड डिस्क विकूच नका. मेकॅनिकला ती काढायला सांगा, ४००-५०० रुपयांचं यूएसबी केसिंग घ्या, त्यात ती घाला आणि कपाटात ठेवा. १ टीबीचा बॅकअप तयार झाला, मनातली धास्तीही गेली. लॅपटॉपच्या किमतीत यामुळे ५००-६००हून जास्त फरक पडत नाही, कारण घेणारा तिथे एसएसडीच टाकणार आहे. विंडोजची किल्ली बोर्डात असते, डिस्क गेली म्हणून ती जात नाही. फक्त डिस्क काढायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ४८ आकडी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते, पण आधीच उतरवून ठेवा.

डिस्कसकटच द्यायचं झालं तर विंडोजच्या रिसेटमध्ये सगळं काढून टाकायचा पर्याय घ्या, आणि त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह साफ करण्याची खूण करा. १ टीबीला तीन-चार तास लागतील. रात्री लावून झोपा, चार्जर काढू नका. तुमच्या बॅटरीचं तुम्हाला माहीतच आहे.

निदानाला किंवा कोटेशनला मशीन सोडून यायची वेळ आली तर निघण्याआधी सिस्टमच्या पानाचा, रॅमचा आणि खालच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, दुकानदारासमोरच. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढलेत. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली, आणि त्याची झळ जुन्या डीडीआर-४ प्रकारच्या रॅमलाही लागली. त्यामुळे ८ची काढून ४ची टाकायचा मोह पूर्वीपेक्षा मोठा आहे. सगळे तसे नाहीत, पण फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

जाहिरात कशी लिहायची? मी लिहिली असती ती अशी: "आय-फाइव्ह आठवी पिढी, ८ जीबी, डिस्क नाही, बिल आहे. उजवं हिंज तुटलेलं. स्क्रीनवर कधीकधी रेघा, केबल खराब आहे, मेकॅनिकचा कागद आहे, टीव्हीवर चित्र स्वच्छ. बॅटरी संपलेली, फक्त चार्जरवर चालतो. चार्जर मूळचा. पाणी सांडलेलं नाही, बोर्डाला कधी हात लागलेला नाही. ८,०००. आहे त्या स्थितीत." यातलं शेवटून तिसरं वाक्य, पाणी आणि बोर्डाचं, खरं असेल तर जरूर लिहा. मेकॅनिक लोक जाहिरातीत तेच शोधतात. हिंज तुटलेलं आणि बोर्ड अस्पर्श, असं मशीन आम्हाला आवडतं. फोटोत रेघा येत असतानाचाही एक टाका. सुंदर फोटोंपेक्षा त्या एका फोटोने खरे गिऱ्हाईक लवकर येतात आणि फुकट चौकशा करणारे गळतात.

पैशांचं: समोरचा "मी बाहेरगावी पोस्टिंगला आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणाला की संभाषण तिथेच संपवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे आल्याचा मेसेज किंवा समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले की लॅपटॉप हातात द्या. भेट घरी नको. मेकॅनिकच्याच दुकानात बोलवा. त्याला तिथे उघडूनही बघता येईल.

आणि दोन प्रतींत एक साधी पावती करा. मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, वर लिहिलेले दोष जसेच्या तसे, दोघांची नावं आणि सह्या. मूळ बिलाची झेरॉक्स द्या, तुमचा मोबाइल नंबर झाकून. घेणारा बिल मागतो तेव्हा तो तुमच्यावर संशय घेतोय असं समजू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि शहाणा दुकानदार बिलाशिवाय मशीनला हात लावत नाही. तुमच्यासाठीही ती पावती कामाची. उद्या तो लॅपटॉप कुठल्या भानगडीत सापडला तर तो कोणत्या तारखेपासून तुमचा नव्हता ते कागदावर राहतं. तुम्ही घेताना जुन्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर विक्रीचा कर कसा धरायचा, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा दाखवण्यासारखं आहे.

नव्याबद्दल फार बोलत नाही. तुमच्या कामाला १६ जीबी रॅम आणि ५१२ची एसएसडी पुरे, ग्राफिक्स कार्डाला एक रुपयाही घालू नका, आकड्यांचा वेगळा कीपॅड असलेला कीबोर्ड मात्र हवाच. रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, ते विचारा. डागाची असेल तर पुढे वाढत नाही. बिल तुमच्या जीएसटीआयएनवर (जीएसटी नंबरवर) घ्या. ६०,०००च्या बिलात ९,१५०च्या आसपास कर असतो, तो सोडण्यात अर्थ नाही. जुन्याचे एक्स्चेंज बोनस वगैरे आकडे ऐकू येतील. आधी नव्याची एक्स्चेंजशिवायची किंमत काढून घ्या आणि मग तुलना करा. अनेकदा बोनसचे पैसे नव्याच्या किमतीतच चढवलेले असतात.

६०,००० जड वाटत असतील तर कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले लेनोव्होच्या थिंकपॅड टी-४८० किंवा डेलच्या लॅटिट्यूडसारखे रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकलेले) बघा. प्रोसेसर तुमच्याच वयाचा निघेल, पण अंगापिंडाने तो वेगळा असतो. हिंज धातूच्या चौकटीला धरलेलं असतं आणि सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात. टी-४८०ला आकड्यांचा कीपॅड नाही, तो यूएसबीचा ५००त मिळतो.

राहिली जुनी बॅटरी. ती भंगारवाल्याला देऊ नका आणि घंटागाडीत टाकू नका. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, बॅटऱ्यांसाठी २०२२चेच वेगळे नियम आहेत, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत घेणाऱ्यांची यादी असते. तेवढी खटपट होत नसेल तर जिथे नवी बॅटरी घ्याल तिथेच जुनी ठेवून या. फुगलेली असेल तर त्याला तसं सांगून द्या.

आज रात्री एचडीएमआयची केबल शोधा आणि टीव्हीवर बघा. झाकण इंचभर हलवल्यावर रेघा हलल्या की नाही, एवढं कळवा. त्यावरून मुलाला किती सांगायचं ते नक्की करू.